पिचकारी नंबर तीन

"साहेब, ही पिचकारी आहे," अण्णा तिसऱ्यांदा म्हणाले.

फौजदार घार्ग्यांनी टेबलावरच्या काळ्याभोर पिस्तुलाकडे पाहिलं, मग अण्णांकडे, मग माझ्याकडे. पिस्तुलाशेजारी अण्णांचा जेवणाचा डबा, माझी पर्स आणि फोमच्या चोवीस बाणांची पिशवी मांडून ठेवली होती. हवालदार शिर्तोडे कागद पुढे ओढून जबाब लिहायला बसले होते. त्यांचे केस तेलानं इतके चपचपीत बसवले होते की वरच्या पंख्याचा वारा त्यांना लागतच नव्हता.

"पिचकारी?" फौजदार म्हणाले.

"होय साहेब. पिचकारी नंबर तीन."

"म्हणजे एक नंबर, दोन नंबरपण आहेत?"

"आहेत की. कारखान्यात."

"किती?"

"एक नंबरच्या बारा हजार," अण्णा प्रामाणिकपणे म्हणाले. "दोन नंबरच्या आठ-नऊ हजार भरतील."

शिर्तोड्यांचं पेन थांबलं. दारातला शिपाई दोन पावलं आत आला.

"अण्णा," मी म्हणाले, "तुम्ही जरा गप्प बसा."

एकोणीसशे पंच्याण्णव सालचा मे महिना. मी चोवीस वर्षांची होते. पुण्याहून डिप्लोमा करून आलेली, शैला वाटवे, सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात साच्यांची डिझाइनं करायची. कारखाना भूपालअण्णा मगदूम यांचा. माल एकच, होळीच्या पिचकाऱ्या. दिवाळी झाली की मशीन सुरू व्हायचं आणि रंगपंचमीला बंद पडायचं. मग आमच्याकडच्या अकरा बायका तासगावच्या बाजूला बेदाणे निवडायला जायच्या. उन्हात, पत्र्याच्या शेडमध्ये, दिवसभर उकिडवं बसून. परत यायच्या तेव्हा त्यांची बोटं काळी चिकट झालेली असायची. दर वर्षी दोघी-तिघी परत यायच्याच नाहीत.

अण्णांना ते लागायचं. त्यांना सगळंच लागायचं. मशीनचा भोंगा जरा मोठा वाजला तरी छातीला हात लावणारा माणूस. रस्त्यात पोलीस दिसला तर काही केलेलं नसताना सायकलवरून उतरून चालायला लागायचा. "वाटवेबाई," ते मला म्हणायचे, "बारमाही चालेल असं काहीतरी काढा."

ते सापडलं एका मोडक्या खेळण्यात. अण्णांच्या साडूंचा मुलगा अमेरिकेहून आला होता. त्यानं भाच्यांसाठी फोमचे बाण उडवणारं एक खेळणं आणलं. चार दिवसांत पोरांनी ते मोडलं आणि दुरुस्तीला माझ्याकडे आलं. मी स्क्रू काढले आणि एकटीच हसायला लागले. आत आमचीच पिचकारी होती! तीच नळी, तोच दट्ट्या. फक्त मागे एक स्प्रिंग आणि पाण्याच्या जागी हवा. दट्ट्या मागे ओढायचा, चाप दाबला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या हवा ढकलतो आणि हवा बाणाला ढकलते. संपलं.

पुढचे तीन महिने मी आणि आमचे इमाम मिस्त्री त्या एका गोष्टीला भिडलो. बाणांसाठी फोम कुठून आणायचा? इमारतीच्या दोन स्लॅबमधली फट बुजवायला बोटाएवढ्या जाडीची फोमची दोरी मिळते, ती एका कॉन्ट्रॅक्टरकडून मागून आणली. नुसता फोम हवेत कोलांट्या खायचा, म्हणून पुढे इंजेक्शनच्या बाटलीची रबरी बुचं चिकटवली. दट्ट्याला सायकलच्या पंपाचा चामडी वॉशर बसवला. पहिला बाण सरळ पंचवीस फूट गेला त्या दिवशी इमाम मिस्त्रींनी स्वतःच्या खिशातून सगळ्यांना चहा पाजला.

अडचण एकच होती, आक्का. अण्णांच्या थोरल्या बहीण, रोज बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन मगच पाणी घेणाऱ्या. कारखान्याची जागा त्यांच्या नावावर. "आपल्या घरात हत्याराचं नावसुद्धा निघायचं नाही," असं त्यांनी एकदा सांगितलं होतं. म्हणून आम्ही बंदूक, पिस्तूल हे शब्दच टाकून दिले. पिचकारी नंबर तीन. अण्णांनी ते इतकं अंगात मुरवलं की पुढे त्यांना दुसरा शब्द तोंडातून काढताच येईना.

आणि काळा रंग माझ्या डोक्यातला. अमेरिकेहून आलेलं खेळणं जांभळं होतं, ते मला बावळट वाटलं. पोरांना खरं हवं असतं, असं मी ठासून सांगितलं. स्कूटरच्या गॅरेजमधून मी त्या नमुन्याला काळा रंग मारून आणला, नळीवर पेन्सिलीचं शिसं घासून लोखंडाची चमक आणली. त्या चमकेवर मी स्वतःच खूश होते.

तो नमुना पुण्याला मोतीलालशेठ या घाऊक व्यापाऱ्याला दाखवायचा होता. बोहरी आळीत, चार वाजता. त्यांनी हो म्हटलं असतं तर दिवाळीपर्यंत मशीन थांबणार नव्हतं. अण्णांनी आदल्या दिवशी बायकांना सांगूनही टाकलं होतं, उद्यापासून बेदाण्यांना जाऊ नका, थांबा.

एसटीत आमच्या पुढच्या बाकावर एक आजी आणि तिची सहा वर्षांची नात बसली होती. नातीचं नाव तेजू. पुढचे दोन दात पडलेले, तोंडाची टकळी सुरू. कराड सोडल्यावर ती कंटाळली आणि मागे वळून आमच्या पिशवीत डोकावायला लागली. मला वाटलं, बरी संधी आहे. एवढ्या लहान हाताला चाप ओढता येतो का, हे मी बघितलंच नव्हतं. मी रिकामी पिचकारी तिच्या हातात दिली.

"दाब बघू."

तिनं दाबला. जमलं. मी वहीत टिपून घेत होते, तेवढ्यात गाडी थांबली. पुढे एका फाट्यावर नाकाबंदी होती. मी खाली वाकून लिहीतच होते. तेजूनं खिडकीच्या गजांतून नळी बाहेर काढली आणि बोबड्या आवाजात ओरडली, "थो!"

शिट्ट्या वाजल्या. कुणीतरी "खाली उतरा, खाली उतरा" म्हणून ओरडलं. वर पाहिलं तर सगळी गाडी हात वर करून उभी होती आणि अण्णा डबा डोक्यावर धरून दोन बाकांच्या मध्ये बसले होते. आजीनं एका क्षणात पिचकारी माझ्या मांडीवर टाकली.

"ह्या बाईची हाय. आमची न्हाई," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

गाडी आम्हाला सोडून साताऱ्याकडे निघून गेली आणि आम्ही चौकीत आलो.

"पिचकारी आहे, तर पाणी कुठाय?" फौजदारांनी विचारलं.

"पाण्याची नाही साहेब," अण्णा म्हणाले. "हवेची."

"हवेची पिचकारी."

"होय."

"लिहा शिर्तोडे. हवेची पिचकारी असल्याचे सांगतात."

"'पिचकारी'तली 'पि' पहिली का दुसरी?" शिर्तोड्यांनी विचारलं.

तेवढ्यात समोरच्या गाड्यावरून वडे आले. घार्गे माणूस वाईट नव्हता, त्यांनी बशी आमच्याकडेही सरकवली. अण्णांनी हात जोडले.

"मी बटाटा खात नाही, साहेब."

"का? पित्त होतं?"

"तसं नाही. जमिनीतून उपटताना बारीक जीव मरतात. आम्ही जैन आहोत. मुंगीसुद्धा मारत नाही."

घार्ग्यांनी हातातला वडा खाली ठेवला.

"बटाटा खात नाही," ते म्हणाले, "आणि पिस्तुलं बनवता?"

"पिचकारी," अण्णा पुटपुटले.

आता मी उठले. "साहेब, हे खेळणं आहे. मी उडवून दाखवते. मग तुम्हीच ठरवा."

शिपायानं दार लावून घेतलं. शिर्तोडे कपाटाच्या आडोशाला गेले. मी बाण भरला, दट्ट्या ओढला, भिंतीवर नेम धरला आणि चाप दाबला.

फुस्स.

बाण नळीतून दोन बोटं बाहेर आला आणि माझ्या चपलेवर पडला. उन्हानं चामडी वॉशर वाळून गेला होता, हवा सगळी बाजूनं निघून गेली. पुन्हा केलं. पुन्हा फुस्स. कपाटाच्या आडून शिर्तोड्यांनी डोकं बाहेर काढलं.

"तेल लागेल," मी म्हणाले. "थोडंसं. कुठलंही."

शिर्तोड्यांनी टेबलाचा खण उघडला. आत कंगवा, आरसा आणि खोबरेल तेलाची निळी बाटली होती. त्यांनी ती माझ्या हाती दिली, पण नाखुशीनं. मी चार थेंब दट्ट्यात सोडले, दोन-तीनदा पुढे-मागे केलं. मग बाण भरला आणि दाबला.

टप!

बाण खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाला गेला आणि लोखंडी कपाटावर बसून टुणकन उडी मारून परत आला. शिर्तोड्यांनी तो उचलला, दाबून बघितला, नाकाला लावून बघितला.

"मऊ हाय की, सायेब."

"माझ्या हातावर मारा," घार्गे म्हणाले आणि पंजा पुढे केला. मी मारला. त्यांनी तळहाताकडे पाहिलं आणि हसले. चौकीतलं सगळं वातावरणच त्या हसण्यानं सैल झालं.

त्यानंतर जे झालं त्याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. शिर्तोडे म्हणाले, मी एक मारून बघू का. त्यांनी एक मारला. मग शिपायानं मारला. मग कुणीतरी कपाटावर चहाचा रिकामा पेला ठेवला. बाहेर नाकाबंदीवर उभे असलेले दोघं आळीपाळीनं आत येऊन मारून जायला लागले. पाण्याचा टँकर घेऊन आलेल्या ड्रायव्हरला आधी थांबवलं आणि मग तोही रांगेत उभा राहिला. शिर्तोड्यांनी जबाबाचा कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला कुणाचे किती लागले ते लिहायला सुरुवात केली.

"टेका न्हाई घ्यायचा! हात मोकळा पायजे!"

"तुझा पाय रेघेच्या फुडं हाय, मागं हो!"

शिर्तोड्यांचे सातातले पाच लागले. टँकरवाल्याचे चार. घार्ग्यांनी सात मारले आणि सातही चुकले. एक खिडकीबाहेर गेला, एक शिपायाच्या कानाला लागला. सगळे तोंडावर हात ठेवून हसत होते. साहेबांसमोर मोठ्यानं हसता येत नव्हतं. घार्गे स्वतःच हसले आणि म्हणाले, "आज काय जमत नाही बुवा." अण्णा कोपऱ्यात घड्याळाकडे बघत बसले होते. दोन वाजून गेले होते.

अखेर घार्ग्यांनी टोपी घातली. "चला, तुम्हाला गाडीत बसवून देतो."

अण्णा डबा छातीशी धरून भराभरा रस्त्याकडे निघाले, मागे वळूनही बघेनात. मी पिशवी घेऊन मागे. फौजदार माझ्याबरोबर चालत होते.

"चांगली केलीय, बाई," ते म्हणाले. "माझ्या पोरीला एक लागेल."

"पाठवीन ना."

"काळी नको."

मी हसले. "मुलींना गुलाबी आवडते म्हणून?"

ते थांबले. अण्णा पुष्कळ पुढे गेले आहेत याची त्यांनी खात्री करून घेतली.

"काल या भागात दरोडा पडलाय. आमच्या एका शिपायाला गोळी लागली, दवाखान्यात आहे. मगाशी तुमची गाडी थांबली तेव्हा मी खाली उभा होतो. मला खिडकीत नळी दिसली. आधी नळीच दिसली, बाई. हात आपोआप कमरेला गेला, बटण उघडलं, रिव्हॉल्व्हर बाहेर आलं. वर उचललं. एवढं सगळं झालं आणि मग ते पोरीचं तोंड दिसलं. पुढचे दात पडलेलं."

मी हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

"मी पाठ फिरवली आणि परत आत सारलं. कुणी बघितलं नाही. शिर्तोड्यांनीपण नाही. तुम्हाला सांगतोय, कारण बनवलीय तुम्ही."

त्यांनी पुण्याच्या एका गाडीला हात केला. तो वर गेलेला हात मी पाहिला. तो अजून थरथरत होता. सातातले सात का चुकले ते मला त्या वेळी कळलं.

पुण्यापर्यंत मी एक शब्द बोलले नाही. अण्णांना वाटलं, मी घाबरले आहे. "संपलं आता," ते म्हणत होते. "सुटलो आपण."

बोहरी आळीत पोचायला सहा वाजले. मोतीलालशेठ दुकानातच होते, गादीवर बसून पंख्याखाली ताक पीत होते. अण्णांनी उशीर झाल्याबद्दल माफी मागितली, का झाला ते सांगितलं नाही. शेठनी पिचकारी हातात घेतली, तोलून पाहिली, समोरच्या बाहुल्यांच्या खोक्यांवर तीन बाण मारले. तिन्ही लागले. त्यांचा चेहरा पोरासारखा झाला.

"मगदूम, हे चालणार! दिवाळीला पाच हजार नग द्या. पण असाच पाहिजे. काळा म्हणजे काळा. लांबून बघितल्यावर माणूस दचकला पाहिजे."

अण्णांनी माझ्याकडे वळून पाहिलं. इतकं सुख मी त्यांच्या तोंडावर त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. अकरा बायका त्यांच्या डोळ्यांपुढे उभ्या असणार.

"काळा मिळणार नाही," मी म्हणाले.

"काय?" शेठ म्हणाले.

"दुसरा कुठलाही रंग देऊ. काळा नाही."

"ह्या कोण?" शेठनी अण्णांना विचारलं.

"आमच्या डिझाइनच्या बाई."

"त्यांना विचारून धंदा करता?"

अण्णांचा हात छातीकडे गेला. ते माझ्याकडे बघत होते. मी त्यांना डोळ्यांनी काहीही सांगू शकले नाही. मला वाटलं, आता ते म्हणतील, लहान आहे पोरगी, जाऊ द्या शेठ. म्हटलं असतं तर मी त्यांना दोषही दिला नसता.

"बाई नाही म्हणतात," अण्णा म्हणाले, "तर नाही मिळणार." आवाज कापत होता, पण वाक्य त्यांनी पुरं केलं.

"मग मी काय पोपटी पिस्तुलं विकू?" शेठनी पिचकारी गादीवर टाकली. "नमस्कार."

आम्ही खाली आलो. पायरीवर उभं राहून अण्णांनी घाम पुसला.

"आता सांगा," ते म्हणाले. "का?"

मी सांगितलं. नळी, खिडकी, उघडलेलं बटण, वर उचललेलं रिव्हॉल्व्हर, पोरीचं तोंड. अण्णा ऐकता ऐकता पायरीवरच बसले. येणारी-जाणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती.

"हे आत सांगायचं होतं, बाई," ते अखेर म्हणाले.

"आत सांगितलं असतं तर शेठ म्हणाले असते, पोलीससुद्धा फसला? मग दहा हजार द्या."

अण्णा रडवेले झाले होते, पण त्यांना हसू फुटलं. ते थांबेचना. मलाही आवरेना. बोहरी आळीच्या भर गर्दीत आम्ही दोघं पायरीवर बसून वेड्यासारखे हसत होतो.

रंग कुठला, ते मात्र अजून ठरायचं होतं. पुढच्या सोमवारी इमाम मिस्त्रींनी लाकडाच्या पाच पिचकाऱ्या कापून दिल्या, मी प्रत्येकीला वेगळा रंग दिला. अण्णा म्हणाले, "माझ्याइतका भित्रा माणूस सांगली जिल्ह्यात नाही. माझ्यावरच बघू." ते कारखान्याच्या फाटकापाशी जाऊन उभे राहिले. मी शंभर पावलांवर, आतल्या नळाजवळ. अकराही बायका पत्र्याच्या सावलीत बसून बघत होत्या. काही न सांगता मी एकेक पिचकारी पदराआडून काढायची आणि एकदम अण्णांवर रोखायची.

तपकिरी काढली. अण्णा दचकून मागे सरले. "नको, नको!"

गडद निळी काढली. "छातीत धस्स झालं, बाई! टाका ती!"

राखाडीला ते फाटकाबाहेरच गेले, इमाम मिस्त्रींनी हाताला धरून परत आणलं. लाल काढली तर थोडं थांबून म्हणाले, "दुसऱ्यांदा बघितल्यावर भीती गेली. पण पहिल्यांदा वाटली."

पाचवी नारिंगी होती. पुढचं तोंड पोपटी, मागचा दट्ट्या पिवळाधमक. पिचकाऱ्यांसाठी आणलेला सगळा उरलासुरला रंग मी तिच्यावर ओतला होता. मी ती काढली आणि नेम धरला.

अण्णा हलले नाहीत. मान पुढे काढून, डोळे बारीक करून बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"बाई!" ते तिथून ओरडले. "हसू येतंय!"

"नक्की?"

"नक्की! परत रोखा बघू!"

मी परत रोखली. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि हसत हसतच माझ्याकडे चालत आले, शंभर पावलं, सरळ नळीच्या समोरून. बायका टाळ्या वाजवत होत्या.

मोतीलालशेठनी ती कधीच घेतली नाही. आम्ही सांगली, मिरज, कोल्हापूरच्या जत्रांतून आणि एसटी स्टँडवरच्या दुकानांतून ती स्वतःच विकली. पाच हजार काही गेल्या नाहीत, दोन हजारांच्या आसपास गेल्या. पण त्या वर्षी पावसाळाभर मशीन चालू राहिलं आणि बेदाणे निवडायला कुणी गेलं नाही.